मागातून मोटार, मागातूनच संगणक

टेस्ला ही मोटार कंपनी की टेक कंपनी, हा वाद जुना झाला तरी मिटत नाही. जुलै २०२० मध्ये टेस्लाचं बाजारमूल्य टोयोटाच्या पुढे गेलं आणि वादाला धार आली. आदल्या वर्षी टेस्लाने चार लाखांपेक्षा कमी गाड्या विकल्या होत्या, टोयोटा समूहाने एक कोटीच्या वर. मग हे मोल कशाचं? एका बाजूने सांगितलं, टेस्ला सॉफ्टवेअर कंपनीच आहे, तिच्या सॉफ्टवेअरला चाकं आहेत इतकंच. दुसऱ्या बाजूने सांगितलं, पत्रा दाबून, रंग मारून गाडी विकते ती मोटार कंपनी, बाकी सगळा शेअर बाजाराचा फुगा. आमच्या सोलापुरात हाच वाद घराघरांत वेगळ्या शब्दांत चालतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा सांगतो, ‘कोअरला जायचं नाही, आयटीतच बघणार.’ घरची मंडळी माना डोलावतात. कारण कोअर, म्हणजे मेकॅनिकलसारख्या मूळ शाखेतली नोकरी, म्हटलं की ग्रीस, एमआयडीसी आणि तीन पाळ्या, तर आयटी म्हणजे तंत्रज्ञान, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं आहे. गावात आयटी पार्क हवं ही मागणी होते तेव्हाही सूर तोच असतो: आमच्याकडे कारखाने आहेत, तंत्रज्ञान तेवढं नाही.

ही समजूत मुळातच चुकीची आहे आणि तिची किंमत आपलं गाव मोजतं आहे, असं माझं म्हणणं आहे. कंपनी तंत्रज्ञानाची आहे की नाही, हे तिचा माल लोखंडाचा आहे की कोडचा, यावरून ठरत नाही. आधी कुणाला जमत नव्हतं ते करण्याची रीत ती कंपनी स्वतः शोधते का? ती रीत तिच्या माणसांच्या डोक्यात आणि हातात साठत जाते का? आणि पुढे ती इतरांच्याही कामी येते का? ठरतं ते यावरून. कसोटी अगदी थोडक्यात सांगता येईल. उद्या ती कंपनी बंद पडली, तर बाजारातला एक विक्रेता कमी होईल, की जगाला येणारी एखादी गोष्ट काही काळ येईनाशी होईल? पहिलं घडणार असेल तर तो व्यापार आहे, मग त्याचं ॲप कितीही देखणं असो. दुसरं घडणार असेल तर ती तंत्रज्ञान कंपनी, मग तिच्या फरशीवर कितीही तेल सांडलेलं असो.

लोखंड आणि कोड यांच्यात भिंत घालणं सोलापूरकरांना तर अजिबात शोभत नाही, कारण दोन्हींचा उगम ज्या यंत्रात आहे ते यंत्र, म्हणजे कापड विणायचा माग, या गावाने दीडशे वर्षं चालवलं आहे. पूर्व भागातल्या एखाद्या जुन्या चादरीच्या कारखान्यात जाऊन मागाच्या वर मान करून पाहा. पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं एकमेकांना शिवून त्यांची लांबलचक माळ केलेली असते आणि ती एका चौकोनी रुळावरून खटखट सरकत असते. प्रत्येक कार्ड म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक फेर. जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि ताण्याचा तो उभा धागा वर येतो. जिथे भोक नाही तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. बाण्याचा धागा नेणारा धोटा मधून जातो, कार्ड पुढे सरकतं. चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी ही अशी ‘आहे’ आणि ‘नाही’ यांची मिळून बनते. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही रचना सिद्ध केली. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राला हुकूम देण्यासाठी हीच भोकांची कार्डं घ्यायचं ठरवलं. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली आणि त्याच्या व्यवसायातून पुढे जी संगणक कंपनी उभी राहिली तिचं नाव आयबीएम. विसाव्या शतकात कितीतरी वर्षं प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे कार्डांना भोकं पाडणं होतं.

आता त्याच मागाची दुसरी शाखा बघा. जपानमध्ये साकिची तोयोदा नावाच्या सुताराच्या मुलाने आयुष्य माग सुधारण्यात घालवलं. १९२४ साली त्याने सिद्ध केलेला स्वयंचलित माग चालता चालता धोटा बदलत असे आणि धागा तुटला की आपोआप थांबत असे. एकेक विणकर त्यामुळे डझनावारी माग सांभाळू लागला. लँकेशायरची प्लॅट ब्रदर्स म्हणजे त्या काळची माग आणि सूतयंत्रं बनवणारी जगातली मोठी कंपनी. तिने १९२९ साली या मागाच्या पेटंटचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. म्हणजे ज्यांच्याकडून जग यंत्रं घेत होतं त्यांनी विद्यार्थ्याकडून यंत्र घेतलं. साकिचीचा मुलगा किइचिरो याने माग कारखान्यातच मोटारीचा विभाग काढला आणि १९३७ साली टोयोटा मोटर वेगळी झाली. बिघाड झाला की यंत्राने स्वतः थांबायचं, ही मागातली कल्पना टोयोटाच्या अख्ख्या उत्पादन पद्धतीचा पाया झाली. सुझुकीची गोष्टही अशीच आहे. मिचिओ सुझुकीने १९०९ साली हमामात्सुला कारखाना काढला तो मागांचा. १९८३ साली आपल्या रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चं खापरपणजोळ हे असं मागावर आहे. ज्या गावात मागांचा खडखडाट ऐकत पिढ्या वाढल्या, त्या गावात ‘यंत्र वेगळं आणि तंत्रज्ञान वेगळं’ असं म्हणताना जीभ अडखळायला हवी.

हे झालं पूर्वजांचं. संगणक आल्यावर तरी वाटा वेगळ्या झाल्या का? झाल्या नाहीत. प्रत्यक्ष कामात वापरली गेलेली पहिली ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून जिचा उल्लेख होतो, ती १९५६ साली जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाने नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमान कंपनीच्या साथीने आयबीएम ७०४ या संगणकासाठी लिहिली. महागडा संगणक एक काम संपून दुसरं लावेपर्यंत रिकामा बसत होता आणि कारखाना चालवणाऱ्यांना ते बघवत नव्हतं. पहिला औद्योगिक रोबो कामाला लागला तो १९६१ साली, जनरल मोटर्सच्याच न्यू जर्सीतल्या कारखान्यात. मोटारीच्या अंगाचे बाक गणितात कसे मांडायचे, हा प्रश्न फ्रान्समध्ये रेनोच्या पिएर बेझिए यांनी आणि सित्रोएनच्या पॉल द कास्तेल्जो यांनी सोडवला. आज संगणकावरची अक्षरं त्याच वक्ररेषांनी काढली जातात. तुम्ही आत्ता वाचत असलेल्या ‘क’ची गोलाई एका मोटार कारखान्यातून आलेली आहे. आणि नव्या पेठेतल्या चहाच्या गाड्यावर चिकटवलेला तो काळा-पांढरा चौकोन? क्यूआर कोड १९९४ साली डेन्सोत जन्मला. डेन्सो ही टोयोटा समूहातली, गाड्यांचे भाग बनवणारी कंपनी. सुट्या भागांच्या खोक्यांवरचे बारकोड अपुरे पडत होते, एकेका खोक्यावर अनेक कोड वाचून कामगार हैराण होत होते, म्हणून तो शोध लागला. कंपनीने पेटंट घेतलं, पण वापर सगळ्यांना मोकळा ठेवला. आपण ज्याला डिजिटल भारताचं चिन्ह समजतो ते गाडीचे पार्ट मोजायच्या गरजेतून निघालं आहे. पुण्यात हिंजवडीच्या कचेऱ्यांमध्ये कामाच्या चिठ्ठ्या लावायचे ‘कानबान’ फळे असतात, त्यांची कल्पनाही टोयोटाच्या कारखान्यातली. मग कोणी कुणाला तंत्रज्ञान दिलं?

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते हलके नाहीत.

सर्वांत वजनदार मुद्दा असा की सॉफ्टवेअरची दुसरी प्रत फुकट निघते. गाडी दुसरी करायची तर पुन्हा तेवढंच पोलाद, तेवढंच रबर लागतं. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम मात्र कोटी लोकांना जवळपास त्याच खर्चात देता येतो. म्हणून नफा, वाढीचा वेग, पगार, सगळ्याचीच जात वेगळी. मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलसारख्या कंपन्या विक्रीच्या दहा टक्क्यांहून बऱ्याच जास्त रकमा संशोधनावर घालतात, मोटार कंपन्या सर्वसाधारणपणे चार-पाच टक्के. गुंतवणूकदाराने या दोन जाती वेगळ्या मोजाव्यात हे मला पूर्ण मान्य आहे. पण हा फरक धंद्याच्या हिशोबातला आहे. औषधाची पहिली गोळी शोधायला अफाट पैसा लागतो आणि दुसरी काही पैशांत निघते. म्हणून कुणी औषध कंपनीला सॉफ्टवेअर कंपनी म्हणत नाही. आणि शेअर बाजाराची वर्गवारी प्रमाण मानायची तर तीच बघू. जगभर वापरल्या जाणाऱ्या वर्गीकरणात सप्टेंबर २०१८ पासून गूगल आणि फेसबुक यांच्या मूळ कंपन्या माहिती तंत्रज्ञानात नाहीत, संपर्क सेवांमध्ये आहेत. ॲमेझॉन ग्राहकोपयोगी गटात आहे. टेस्लाही त्याच गटात आहे. गुंतवणूकदार स्वतःच्या सोयीने रकाने पाडतात आणि सोय बदलली की रकाने बदलतात. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका आइस्ड टी विकणाऱ्या कंपनीने नावात ‘ब्लॉकचेन’ हा तेव्हा गाजणारा तंत्रज्ञानाचा शब्द घातला आणि तिचा शेअर एका दिवसात जवळजवळ तिपटीवर गेला. चहा तोच होता.

दुसरा मुद्दा: मोटार कंपन्या आता नुसत्या जुळणी करतात, भाग दुसऱ्यांचे असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या सपशेल मागे पडल्या आहेत. यातही तथ्य आहे. फोक्सवागनला स्वतःच्या विजेवरच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर वेळेत जमलं नाही आणि २०२४ साली तिने रिव्हियन या नव्या अमेरिकी कंपनीत अब्जावधी डॉलर घालायचं ठरवलं, ते मुख्यतः त्यासाठीच. शाओमीसारखी फोन करणारी कंपनी त्याच वर्षी गाडी घेऊन बाजारात उतरली आणि गाडी चालली. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत ॲपलने दहाएक वर्षं चालवलेला मोटारीचा प्रकल्प गुंडाळला. पैसा कमी होता? बुद्धिमान माणसं कमी होती? त्याआधी २०१९ मध्ये व्हॅक्यूम क्लीनरवाल्या डायसननेही आपली गाडी सोडून दिली होती. आणि खुद्द टेस्लाचं बघा. मॉडेल थ्री या गाडीच्या वेळी रोबोंवर अतोनात भिस्त ठेवल्याने उत्पादन अडकलं, अतिस्वयंचलन ही चूक होती असं इलॉन मस्क यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे मान्य केलं आणि कारखान्याच्या आवारात तंबू ठोकून जुळणीची ओळ चालवावी लागली. ज्या गोष्टी टेस्लाला खऱ्या अर्थाने पुढे घेऊन गेल्या त्यांत पडद्यावरचं सॉफ्टवेअर आहे, तशीच बॅटरी आहे, मोटर आहे आणि गाडीचा मागचा सांगाडा एकसंध ओतण्याची पद्धतही आहे. ओतकाम! ज्याला आपली पोरं ‘कोअर’ म्हणून नाक मुरडतात ते.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावतो. अशी सैल व्याख्या केली तर प्रत्येक कारखाना तंत्रज्ञान कंपनी ठरेल आणि शब्दाला अर्थच उरणार नाही. हे खरं ठरू नये म्हणून कसोटी दोन्हीकडे सारख्याच कठोरपणे लावली पाहिजे, आपल्या माणसांनासुद्धा. उबर स्वतःला तंत्रज्ञान कंपनी म्हणवत होती. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ती वाहतूक सेवा आहे असा निर्णय दिला, आणि माझ्या मते तो बरोबर होता. आपल्याकडच्या आयटी कचेऱ्यांतलं बरंचसं काम म्हणजे परदेशी बँकेची किंवा विमा कंपनीची जुनी प्रणाली सांभाळणं, तक्रारींची तिकिटं बंद करणं, आणि माणसांच्या तासांचं बिल लावणं. काम कष्टाचं आहे, शिस्तीचं आहे. पण ती प्रणाली दुसऱ्याची, तिचा आराखडा दुसऱ्याचा आणि कंत्राट हललं की ते ज्ञानही हलतं. गिरण्यांच्या काळातलं सोलापूर याहून वेगळं होतं का? १८७७ साली आपली जुनी गिरणी उभी राहिली, पाठोपाठ नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आल्या, हजारो हातांना काम मिळालं. देशभरातल्या गिरण्यांसारखीच यंत्रं मात्र बाहेरून यायची. आपण ती उत्तम चालवली, दुरुस्तही केली, पण बनवली नाहीत. तोयोदाने माग उघडून त्याच्या आत डोकं घातलं, आपण माग विकत घेऊन त्याच्यावर कापड काढत राहिलो. सोलापुरी चादर जगात नावाजली, तिला भौगोलिक मानांकन मिळालं, मला तिचा अभिमान आहे. तरी चादरीचा कारखाना माझ्या कसोटीवर तंत्रज्ञान कंपनी ठरत नाही. आणि मोटार कारखाना म्हटलं की तो आपोआप पास होतो असंही नाही. वालचंद हिराचंद १८८२ साली याच गावात जन्मले. बंगळूरला विमानांचा कारखाना, विशाखापट्टणमला जहाजांचा आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, एवढी झेप त्या माणसाने परक्या सरकारच्या काळात घेतली. त्यांच्यानंतर प्रीमियरचं काय झालं? १९६४ साली आलेलं फियाटचं मॉडेल पुढे पद्मिनी या नावाने शतक संपेपर्यंत जवळपास तसंच निघत राहिलं. परवाना राज्याने हात बांधले होते हे मान्य, पण गाडी करत राहणं आणि गाडीचं ज्ञान वाढवत राहणं यातला फरक त्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, त्याच बंधनांच्या काळात, १९६६ साली, पुण्यात संशोधन केंद्र काढलं होतं आणि तीस-बत्तीस वर्षांनी इंडिका तिथूनच बाहेर पडली.

मग कसोटीवर उतरतं कोण? जवळचंच उदाहरण घेतो. सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ साली निघाली आणि फोर्ड, जनरल मोटर्स, ह्युंदाई, मारुती सुझुकी अशा कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवू लागली. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर हा दांडा तीन हजार घेतो, म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नासदा उघडतो. त्या घासणीत उंचवटा टिकायला तो कठीण हवा, पण सगळा दांडाच तसा कठीण केला तर तो काचेसारखा मोडेल. म्हणून वाळूच्या साच्यात नेमक्या उंचवट्यांच्या जागी लोखंडी तुकडे बसवतात, त्यांना चिल म्हणतात. वितळलेला रस त्यांना टेकला की झटक्यात निवतो आणि तिथला पृष्ठभाग पांढरा, टणक होतो. मधला भाग सावकाश निवून जरा मऊ राहतो. रसात कार्बन, सिलिकॉन किती, तो कोणत्या उष्णतेला ओतायचा, चिल किती जाड ठेवायची, यांतलं एक जरी हललं तरी कठीणपणा फसतो. त्यानंतर ग्राइंडिंग, आणि तिथे माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. आराखडा गिऱ्हाइकाचा असतो हे खरं, पण लाखो दांडे तसेच्या तसे काढण्याची रीत आराखड्यावर लिहिलेली नसते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. त्याच महिन्यात पुण्याची क्विक हीलही आली, जिचा उगम कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात आणि माल म्हणजे स्वतः लिहिलेलं अँटीव्हायरस. एक लोखंडाची, एक कोडची. दोन्ही स्वतःची रीत शोधून उभ्या राहिल्या, म्हणून माझ्या लेखी दोन्ही एकाच पंगतीतल्या आहेत.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर अन्याय होईल. विडी वळणाऱ्या आईची मुलगी पुण्याला आयटीत लागते, तेव्हा त्या घराच्या तीन पिढ्यांचा तंबाखूचा वास सुटतो. पूर्व भागात आणि कुंभारीच्या वसाहतीत हे घडताना दिसतं. त्या मुलीला, ‘बाई, तुझी कंपनी खरी तंत्रज्ञानाची नाही,’ असं ऐकवायला मी आलेलो नाही. तिने घेतलेला निर्णय शहाणपणाचा आहे, आणि एमआयडीसीत इंजिनिअरला मिळणारा पगार पाहिला तर मेकॅनिकलच्या मुलाचाही तसाच आहे. कोअर कंपन्यांनी पोरांना नीट पैसे दिले नाहीत, शिकवलं नाही, वर्षानुवर्षं ट्रेनीच ठेवलं, तर ती पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस धरणारच. पण पगार जास्त म्हणून काम तंत्रज्ञानाचं आणि पगार कमी म्हणून ते मजुरीचं, हे समीकरण आपण मुलांच्या डोक्यात भरलं आहे. त्यातून ज्याला धातूची खरी समज आहे असा मुलगा ती समज लपवून तिकिटं बंद करायला जातो. हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

आणि वेळ थोडा आहे. विजेच्या गाडीत इंजिन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्टही नाही. प्रिसिजनने २०१८ साली नेदरलँड्समधल्या विजेवरची व्यावसायिक वाहनं करणाऱ्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला होता. तिथल्या यशापयशाचा हिशोब बाजूला ठेवला तरी, आपलं पीक उद्या खपणार नाही हे कळलेल्या कंपनीचं ते पाऊल होतं. नफा मालात आहे असं मानणारी कंपनी माल गेला की जाते. ज्ञान सांभाळून असलेली कंपनी दुसरा माल शोधते, जसा तोयोदांनी मागानंतर मोटारीत शोधला.

म्हणून आयटी पार्कला माझा विरोध नाही, पार्क व्हावं. फक्त जागा आणि सवलती देताना येणाऱ्या कंपनीला किती खुर्च्या भरणार एवढंच विचारू नये. इथे काय शोधणार, त्याचा हक्क कुणाकडे राहणार, इथल्या कारखान्यांशी काय देवाणघेवाण करणार, हेही लेखी घ्यावं. विचारण्यासारखं काम गावात पडून आहे. पुठ्ठ्यांच्या कार्डांची जागा आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड घेतो, आणि त्यात युरोपातल्या स्टॉब्ली, बोनास अशा कंपन्या आघाडीवर आहेत. त्या यंत्राला लागतं काय? विणीची जाण असलेला कारागीर, हूक आणि सुया अचूक घडवणारा टूलरूम, आणि नक्षीचं कोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्रॅमर. पहिला सोलापूरच्या साखर पेठेत आहे, दुसरा अक्कलकोट रोडच्या नाहीतर चिंचोळीच्या एमआयडीसीत, आणि तिसरा दर रविवारी संध्याकाळी पुण्याच्या गाडीत बसतो. या तिघांना एका छपराखाली पगारावर ठेवायला कोणता कारखानदार तयार आहे, आणि त्याला कर्ज द्यायला कोणती बँक?